कंपनीचा गूळ

"आ करा बघू. एवढोसोच खडो."

"नको गो, शेवंती. माका मळमळता."

"मळमळूं दे. औषध असा ता. आ करा."

शेवंतीने गुळाचा खडा नवऱ्याच्या ओठांशी धरला होता आणि गुणाजी तोंड मिटून भिंतीला टेकून बसला होता. आडवं पडून त्याला कितीतरी दिवस झाले होते. पाठीशी उशांचा ढीग, मांडीवर एक उशी आणि तिच्यावर दोन्ही कोपरं टेकलेली. असं बसलं की थोडा श्वास मिळायचा. छातीचा पिंजरा सदऱ्यातून मोजता येईल असा दिसत होता.

"आई, सोड ना गं त्यांना," आरशासमोर वेणी घालता घालता नंदा म्हणाली. ती त्यांची एकुलती एक. अंधेरीला औषधांच्या गोळ्या भरायच्या कारखान्यात जायची. "रोज सकाळी उठून काय लावलंयस हे?"

"तू गप रव. तुका काय कळता?"

"मी काय मुंगळो, गो?" गुणाजी म्हणाला आणि स्वतःच हसला. हसायचं निमित्त झालं, खोकला आला. असा आला की नंदाची वेणी अर्धीच राहिली. दोघींनी त्याला दोन बाजूंनी धरलं. खोकला थांबला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत पाणी होतं. मग बायकोच्या तोंडाकडे बघून त्याने आपणहून आ केला.

"दे हकडे. तुझा समाधान होता मा? मग दे."

हा गुळाचा हट्ट दिवाळीपासूनचा. त्याआधी या घरात गूळ ही लाडाची गोष्ट होती, जबरदस्तीची नव्हे.

घाटकोपरच्या डोंगरावर, भटवाडीच्या वरच्या अंगाला त्यांची चाळ. गुणाजी आग्रा रोडवरच्या एका फाउंड्रीत ग्राइंडिंग खात्यात होता. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचं, गार झालं की साचा फोडायचा; मग आतल्या मालाला चिकटलेली वाळू हातोडीने झाडायची आणि उरलंसुरलं ग्राइंडरवर घासून काढायचं, हे तिथलं काम. शेड पत्र्याची. समोरचा माणूस दिसला नाही तरी खोकल्यावरून ओळखू येतो, असं गुणाजी गमतीने सांगायचा. गमतीने, बरं का! तेव्हा ती गंमतच होती.

तर अशा धुळीच्या खात्यांना कंपनीकडून रोज गूळ मिळायचा. पाळी सुटायच्या वेळी मुकादम घमेलं घेऊन उभा राहायचा आणि एकेकाच्या हातावर खडा ठेवायचा. ऑफिसातल्या बाबूंना नाही, गेटवरच्या वॉचमनला नाही, फक्त धूळवाल्यांना. बाकीचे तिथेच तोंडात टाकायचे आणि वर नळाचं पाणी प्यायचे. गुणाजी मात्र आपला खडा रुमालात बांधायचा. तो चाळीच्या पायऱ्या चढून येईपर्यंत लहानगी नंदा उंबऱ्यात उभी असायची. तो वाकायचा, ती त्याच्या खिशातून रुमाल ओढायची आणि दातांनी गाठ सोडायची.

नंदाचा वाटा काढून उरलेला डब्यात जायचा. लग्नानंतर शेवंतीने वाण्याकडून गूळ आणलेला कुणी पाहिला नाही. चहा गुळाचा. नागपंचमीच्या पातोळ्या त्याच गुळाच्या. गावाकडून पाहुणा आला की घावन आणि नारळाचा रस, तोही त्याच गुळाचा. "कंपनीचो गूळ असा," ती ठसक्यात सांगायची. गिरण्यांचा संप झाला आणि लालबागचे दीर-जाऊ बिऱ्हाड मोडून गावी निघाले, तेव्हा जाऊ तिचा हात धरून म्हणाली होती, "तुजा बरा झाला, शेवंती. तुज्या घोवान लोखंडाची नोकरी धरली. कापूस छातीत जाता, लोखंड खय जाता?" शेवंतीला ते अगदी पटलं. जाताना तिने जावेला डबाभर खाजं करून दिलं, गुळात चांगलं घोळून.

एक खोड मात्र होती त्या गुळाला. त्यात कच असायची. घमेलं शेडमध्येच उघडं पडलेलं असायचं ना! म्हणून शेवंती नंदाचा खडासुद्धा धुऊन द्यायची, आणि स्वयंपाकाचा गूळ आधी पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळायची. फडक्यावर काळा, बारीक गाळ उरायचा. तो मोरीत झटकला की झालं. कंपनीचा गूळ म्हटला की एवढं असायचंच, असं ती धरून चालली होती.

गुणाजीला खोकला कधी लागला, ते कुणालाच सांगता येणार नाही. आधी तो पायऱ्या चढताना मधेच थांबायला लागला. दम लागलाय असं दिसू नये म्हणून मागे वळून खालची वस्ती बघत उभा राहायचा. कुणी विचारलं तर, "बघतंय, किती बिल्डिंगी झाल्यो!" मग वाकून चपलेचा अंगठा नीट करायचा. आता धडक्या चपलेचा अंगठा माणूस किती वेळा नीट करणार? पण घरच्यांना ते दिसून दिसलं नाही.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी टीबी म्हणून सुया टोचल्या. दंडाची चाळण झाली, खोकला जागच्या जागी. शेवटी नंदाने हट्टाने मोठ्या इस्पितळात नेलं. तिथली तरुण डॉक्टरीणबाई छातीचा फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "काका, काम काय करता?" इतक्या दिवसांत हे विचारणारी ती पहिलीच. गुणाजीने सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "टीबी नाही हा. वाळूची धूळ फुफ्फुसात बसलीय. ती आता निघायची नाही. धुळीत परत जायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

कंपनीने त्याला काही दिवस पॅकिंगमध्ये बसवलं आणि मग कायमचं घरी बसवलं.

दिवाळीत धोंडिराम फराळाला आला. हा गुणाजीचा जोडीदार. एकाच शेडमध्ये पाठीला पाठ लावून दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढलेली. मूळचा नगरकडचा, याच पायऱ्यांवर खालच्या अंगाला पंचशील चाळीत राहायचा. विहारात कार्यक्रम असला की सतरंज्या उचलण्यापासून घोषणा देण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे, कारण आवाज खणखणीत. आल्या आल्या त्याने मित्राची पाठ चोळायला घेतली आणि तोंडही सोडलं.

"तुला किती वेळा बोललो रे गुण्या, गूळ खा, गूळ खा! ऐकलंस? आता लागली ना वाट? मी बघ. एक दिवस चुकवला नाय. आहे का मला काय? एकदम ठणठणीत!" त्याने आपल्या छातीवर थाप मारून दाखवली.

शेवंती चकल्यांची ताटली घेऊन येत होती. "गुळाचं काय, भाऊ?"

"अवो वहिनी, तो काय खाऊ होता होय? औषध ते! घशातली धूळ धरून खाली नेतो गूळ. नायतर कंपनी कशाला देतेय फुकट? आणि हे येडं रुमालात बांधून घरी आणायचं. सगळं खातं हसायचं ह्याला, गाढवाला गुळाची चव काय म्हणून!"

गुणाजी डोळ्यांनी त्याला गप्प बस म्हणून खुणावत होता आणि नेमकं तेच शेवंतीला दिसलं. नुसतं धोंडिरामचं बोलणं असतं तर तिने सोडून दिलं असतं.

तो गेल्यावर ती नवऱ्याच्या समोर जाऊन बसली.

"खरा काय ह्या?"

"लोक बोलतत."

"तुमका ठाऊक होता?"

"सगळ्यांकाच ठाऊक होता."

"मग माका कित्याक नाय सांगलात? कित्याक आणलात घराक?"

गुणाजी बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "चेडू दारात उभा रवायचा गो," तो म्हणाला. "रिकाम्या हातान कसो येव?"

शेवंती उठली, चुलीपाशी गेली आणि तिथे गुळाच्या डब्याकडे बघत उभी राहिली. इतकी वर्षं आपण नवऱ्याचं औषध खाल्लं. घावनाबरोबर खाल्लं, पाहुण्यांना वाढलं, जावेच्या डब्यात भरून दिलं आणि वर मिरवलंसुद्धा. त्याचा श्वास चहात घालून प्यायलो आपण, या एका विचाराने तिला पछाडलं. तो काही केल्या सुटेना.

मग दुसऱ्याच दिवशी वाण्याकडून पिवळाधमक कोल्हापुरी गूळ घरात आला आणि ही सकाळची जबरदस्ती सुरू झाली. गेलेलं भरून काढायचं होतं तिला. गुणाजीला तपासणीला घेऊन इस्पितळात गेली तेव्हा त्याला नि नंदाला बाहेर बसवून तिने डॉक्टरीणबाईंना विचारलंच, "ह्यांनी वेळेवर गूळ खाल्ला असता तर?"

डॉक्टरीणबाई हसली नाही. "मावशी, गुळाने काही होत नाही. गूळ जातो पोटात, धूळ जाते छातीत. दोन वाटाच वेगळ्या. तुम्ही असं काही मनात आणू नका."

शेवंतीने मान डोलावली. मनात म्हणाली, गुणी पोर आहे, माझ्या जिवाला लागू नये म्हणून सांगतेय. माणूस चांगलं असलं की ही पंचाईत होते. त्याचं खरं बोलणंही समजूत काढल्यासारखं वाटतं.

शिमग्याच्या आधी एका दुपारी गुणाजी म्हणाला, "शेवंती, गुळाचो चाय कर गो. पयल्यासारखो."

दिवाळीपासून चहा साखरेचा झाला होता. "गूळ चायत घालून नासवूचो नाय," ती म्हणाली. "औषध ता. होयो तर नुसतो खावा, मोठो खडो देतंय."

"ऱ्हवांदे," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

तो आठवडाही त्याने काढला नाही. गेला तो बसल्या बसल्याच गेला, कोपरं उशीवर टेकलेली. शेवंतीला वाटलं, डोळा लागलाय, आणि तिने नंदाला हळू बोलायला सांगितलं.

बाराव्या-तेराव्याला बायका जमल्या, रडल्या, पांगल्या. शेवंती लोकांदेखत रडायची ती नवऱ्यासाठी, आणि एकटी असली की गुळासाठी. डबा तिने माळ्यावर टाकला. गणपतीला मोदकांत साखर घातली तेव्हा नंदा चिडली. "साखरेचे मोदक? अगं आई, लोक काय म्हणतील?" शेवंती ताटात मोदक मांडत राहिली. पोरीला सांगायचं तरी काय? तुझ्या तोंडात घातला तो बापाच्या तोंडचा होता, हे? मेली तरी सांगितलं नसतं तिने. तू दारात उभी राहायचीस म्हणून, हे तर नाहीच नाही.

गणपती जाऊन थोडे दिवस झाले असतील. शेवंती बाजारातून भाजीची पिशवी घेऊन पायऱ्या चढत होती. पुढे धोंडिराम चढत होता. अंगाने उतरलेला दिसला, पण पाळी करून आलेला माणूस थकलेला असायचाच. मधल्या वळणावर तो थांबला. मागे वळला आणि कमरेवर हात ठेवून खालच्या वस्तीकडे बघायला लागला.

शेवंती त्याच्याजवळ पोचली. "काय बघताय, भाऊ?"

"काय नाय, वहिनी," धोंडिराम म्हणाला. एवढं बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. "किती बिल्डिंगी झाल्या ना!"

आणि तो वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागला.

शेवंतीला आनंद झाला. खोटं कशाला सांगा? झालाच. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला वाटलं. ह्याने तर एक दिवस गूळ चुकवला नव्हता! मग ह्याला कसं झालं? म्हणजे गुळाने काही होत नव्हतं. म्हणजे मी माझ्या माणसाला खाल्लं नाही! देवा महाराजा, मी नाही खाल्लं!

आणि दुसऱ्याच क्षणी तिची नजर धोंडिरामच्या मानेवर गेली. शिरा ताणून ताणून तो हवा ओढत होता. शेवंतीला स्वतःची इतकी शिसारी आली की पिशवी तिच्या हातातून सुटली. टोमॅटो पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. धोंडिराम गोळा करायला वाकला, पण दोन पायऱ्या उतरून तिथेच टेकला.

"राहू द्या, भाऊ," ती रडत म्हणाली. "राहू द्या. टोमॅटोच ते."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी नंदा कामावर गेल्यावर ती उठून पंचशील चाळीत गेली. सुंदराबाई, धोंडिरामची बायको, दारातच तांदूळ निवडत होती. तिच्या तोंडाकडे बघूनच शेवंतीला कळलं.

"आज कामावर न्हाई गेले," सुंदराबाई आतल्या खोलीकडे मान करून हळूच म्हणाली. "बसल्यात आत. निजवत न्हाई त्यांना."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"टीबी म्हणतोय. सुया सुरू केल्यात." सुंदराबाईने सूप बाजूला सारलं. "आणि मी गूळ देतीय दोन्ही टायमाला. मुकादमाकडनं जास्तीचा मागून आणत्यात." मग तिने एकदम शेवंतीचा हात धरला. "माझंच चुकलं गं, शेवंताबाई. ह्या उन्हाळ्यात थोरलीच्या बाळंतपणाला ह्यांना घेऊन म्हयनाभर गावी जाऊन बसले. तिथं घरात गुळाच्या ढेपा पडल्या होत्या, पण माझ्या ध्यानातच आलं न्हाई. रजेवर माणूस, त्याला कशाला गूळ, म्हटलं. तेवढ्यात डाव साधला बघ धुळीनं."

हे शेवंतीचंच बोलणं होतं. कुणी स्वतःचंच पाप शोधून काढावं, तशी ही बाई सगळ्या संसारातून एक महिना हुडकून आली होती.

"सुंदरा, तो गूळ आण बघू इकडे," ती म्हणाली. "आणि पातेलं दे. एक पांढरं फडकंपण दे."

"कशाला गं?"

"आण तर खरी."

तिने खडा पाण्यात घातला, बोटांनी कुस्करला आणि पूर्ण विरघळल्यावर फडक्यातून पातेल्यात ओतला. मग फडकं उलगडून सुंदराबाईच्या मांडीवर पसरलं. मधोमध काळा गाळ होता.

"हात लाव."

सुंदराबाईने चिमटीत घेतला. "रेती हाये ही?"

"कंपनीची धूळ. एवढी वर्षं मी हीच गाळत होते आणि मोरीत झटकत होते. अक्कल गहाण पडली होती माझी." शेवंतीने फडक्यावरचा गाळ बोटाने पसरला. "ज्या गुळाला आपल्या अंगावरची धूळ झटकता येत नाही, तो भाऊंच्या छातीतली काय काढणार गं? भाऊंनी रोज खाल्ला. ह्यांनी कधीच नाही खाल्ला, आम्हीच खाल्ला. दोघांनाही तेच झालं. तुझा महिना गेला म्हणून काही बिघडलं नाही, सुंदरा. तू काही केलं नाहीस. मीपण काही केलं नाही."

इतके महिने हे शेवटचं वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते आणि शेवटी ते तिला स्वतःलाच बोलावं लागलं.

सुंदराबाई फडक्याकडे बघत होती. "मग औषध काय?"

"त्या सुया बंद कर आधी. माझी नंदा उद्या तुम्हाला डॉक्टरीणबाईंकडे नेईल. फार चांगली आहे ती."

"ती बरं करंल?"

शेवंतीला खोटं बोलता आलं असतं. पण तिने नुसती मान खाली घातली. सुंदराबाईने पदर तोंडात कोंबला, आत ऐकू जाऊ नये म्हणून, आणि तशीच हुंदके देत राहिली. शेवंतीने तिला जवळ घेतलं. आपलं ओझं ज्याने उतरलं, त्यानेच हिच्याकडची आशा गेली, हे तिला कळत होतं.

"कोन आलंय गं?" आतून धोंडिरामने विचारलं. खणखणीत आवाजाची आता नुसती फुंकर राहिली होती.

"मी आहे, भाऊ. शेवंती." तिने डोळे पुसले, स्टोव्ह पेटवला आणि पातेल्यातल्या त्या गाळलेल्या गुळाच्या पाण्यात चहाची पावडर टाकली. थोडं आलं ठेचून घातलं. दूध नासू नये म्हणून पातेलं खाली उतरवून मग दूध ओतलं, घरी करायची तसं. हात आपोआप चालत होते. असाच एक कप एका माणसाने मागितला होता आणि तिने दिला नव्हता. ते काही आता गाळून निघणार नव्हतं.

कपबशी घेऊन ती आत गेली. धोंडिराम भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर उशी, तिच्यावर कोपरं. कपाकडे बघून त्याने तोंड वाकडं केलं. "गूळ घातलाय? औषध होय?"

"नाही, भाऊ. नुसता चहा. घ्या."

त्याने बशीत ओतून एक घोट घेतला. थांबला. आणखी एक घेतला.

"कंपनीचाच ना गूळ?"

"हो."

"एवढी वर्षं खाल्ला," धोंडिराम म्हणाला. मधे श्वासासाठी थांबला. "नुसता गिळायचो, वहिनी. वर पाणी. ह्याची चव कसली ती ठाऊकच नव्हती." पुन्हा थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. "म्हणून घरी न्यायचा होय गुण्या! आणि आम्ही त्याला हसायचो."

शेवंती उंबऱ्यात टेकली. बाहेर सुंदराबाई मोरीत ते फडकं धूत होती. चहा केव्हाच निवला होता, पण धोंडिराम एक घोट घ्यायचा, बशी खाली ठेवायचा, श्वास जमवायचा आणि पुन्हा बशी उचलायचा. शेवंतीला घरी स्वयंपाक पडला होता. ती उठली नाही. त्याचा कप संपेपर्यंत बसून राहिली.